बिनसहीचं हितं चालत न्हाई

दोन वर्षं मी ज्यांच्याशी भांडले ते गृहस्थ आठवड्यातून तीन दिवस मुळशी धरणाकडच्या माले गावाहून एसटीने पौडला यायचे. काखेत स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड असायचा, वायर गुंडाळून वर सुतळी बांधलेला. आमच्या कार्यालयातल्या प्लगवर त्यांचा विश्वास नव्हता. तसा त्यांचा फारशा कशावरच नव्हता. दारात चपला काढल्या की आत येण्याआधी ते पंख्याकडे बघायचे, मग खुर्चीचे पाय हलवून बघायचे, आणि मग बसायचे. मी एकदा म्हटलं, "काका, कालचीच खुर्ची आहे." ते म्हणाले, "कालची हाय, पण रातच्याला कोन बसलं हुतं ते तुमाला ठावं हाय का?"

आमची संघटना म्हणजे हिंजवडीच्या चकचकीत इमारतींत फरशा पुसणाऱ्या, संडास धुणाऱ्या बायकांची. खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या, हे आमचं कार्यालय. नेरे, कासारसाई, मारुंजी, कुठून कुठून बायका तक्रारी घेऊन यायच्या. सुपरवायझर कपडे बदलायच्या खोलीत न विचारता घुसतो. गरोदर बाईला उभंच ठेवतो. लिफ्ट आहे, पण आमच्यासाठी नाही. या तक्रारी आम्ही नोंदवायचो, पुढे कामगार कार्यालयात न्यायचो. पण एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तक्रार कुणी केली हे कंत्राटदाराला कळलं की दुसऱ्या दिवशी त्या बाईचा गेटपास गेलाच. म्हणून नाव बाहेर जाणार नाही, घरी पत्र येणार नाही, असं वचन प्रत्येकीला दिलं जायचं. ते वचन द्यायचे हे काका. कारण नोंदीचा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिलेला होता.

ते पिरंगुटच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. बोली मात्र पक्की मुळशीची. मी बुद्धविहारामागच्या आळीतली, त्यांचं घरही मालेच्या तशाच वस्तीत. पण आपलं माणूस म्हणून त्यांनी मला कधी काही सूट दिली नाही. त्यांनी कुणालाच दिली नाही. दारात कुणीही आलं की तीन प्रश्न ठरलेले: "कोन? कुटनं आलात? कशापायी?" वीजबिल वाटणाऱ्याला तेच, आमच्या अध्यक्ष बाईंना तेच. बाई एकदा चिडून म्हणाल्या, "अहो, ही संघटना मी काढली!" काका म्हणाले, "व्हय, पर आज कशापायी आलात?"

त्यांच्या बायकोने एकदा नव्या नंबरवरून फोन केला. काकांनी तिला विचारलं, "काल कालवन काय हुतं?" पलीकडून जे काही ऐकू आलं ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. काका शांतपणे म्हणाले, "हां, तूच. बोल."

तर त्यांचा आणि माझा झगडा. तो कशावरून, हे सांगताना थोडं कॉम्प्युटरचं सांगावं लागेल. एका कंपनीने टाकून दिलेली चार जुनी मशीनं आमच्याकडे आली होती. आतल्या खोलीतलं एक मोठं, त्यात नोंदीचा प्रोग्राम आणि सगळ्या नोंदी. बाहेरच्या तीन मशीनवर बसून आम्ही तारेवरून तोच प्रोग्राम चालवायचो. आता त्या जुन्या विंडोजची एक खोड होती. स्वतःच्या पोटातला प्रोग्राम ती मुकाट चालवायची. पण तारेवरून, दुसऱ्या मशीनवरून आलेल्या प्रोग्रामला ती परका धरायची. उघडू द्यायची, पण फायलीला हात लावू द्यायची नाही. लाल फुली यायची आणि सगळं ठप्प.

यावर दोन उपाय होते. एक सोपा: प्रत्येक मशीनला एका ओळीत सांगून टाकायचं, की आतल्या मोठ्या मशीनवरच्या प्रोग्रामच्या फोल्डरमधून जे जे येईल ते आपलंच, सगळ्याला पूर्ण मोकळीक. दोन मिनिटांचं काम. दुसरा उपाय असा, की प्रोग्रामला स्वतःची सही द्यायची, कॉम्प्युटरची सही, खोटी करता न येणारी, आणि मशीनला सांगायचं की ही सही असेल तरच मोकळीक, बाकी सगळं परकं. काकांनी दुसरा उपाय केला होता. शिवाय बाहेरच्या मशीनवर आम्हाला काही उतरवता येऊ नये याची सोयही त्यांनी करून ठेवली होती. म्हणजे आमच्याकडे कोणताही नवा प्रोग्राम चालवायचा तर काकांकडे द्यायचा, तो ते उघडून आठ दिवस वाचणार, दहा प्रश्न विचारणार, आणि बहुतेक वेळा परत देणार.

"का पण?" मी विचारायची.

"फोल्डरवर विश्वास ठेवायचा नस्तोय. फोल्डरात उद्या कोनबी काय बी टाकंल. विश्वास प्रोग्रामवर ठेवायचा, त्यो बी वळख पटल्याव. बिनसहीचं हितं चालत न्हाई."

हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल! आणि मी प्रत्येक वेळी पेटायची. सभासदांच्या वाढदिवसाची यादी काढणारा साधा प्रोग्राम त्यांनी परत पाठवला. कारण विचारलं तर म्हणाले, "वाढदिवस काडायला ह्याला पत्त्याचा रकाना कशाला लागतुया?" मी म्हटलं, चुकून राहिला असेल. ते म्हणाले, "मंग चूक काडून आना."

मला ते असह्य झालं. मी पत्रकं लिहून मोठी झालेली मुलगी. सोळाव्या वर्षापासून लिहितेय. अन्याय दिसला की एक कागद, वर ठळक मथळा, खाली तीन मागण्या. मला त्या बंद फोल्डरात अन्यायच दिसला. म्हणून मी पत्रक काढलं, 'कुलपं कुणाच्या सोयीसाठी?' या नावाचं. त्यात मी लिहिलं, की एका माणसाच्या हाती सगळ्या परवानग्या असणं ही हुकूमशाही आहे. त्यावरही थांबले नाही. लिहिलं, की आपल्या आज्ज्यांना पाणवठ्यावर उभं राहू दिलं नाही, आज आपल्यालाच कॉम्प्युटरच्या दारात उभं केलं जातंय, आणि दार अडवणारा आपलाच आहे.

आज हे वाक्य लिहिताना माझे कान गरम होतात. तेव्हा मला ते फार जमलेलं वाटलं होतं. दोनदा मोठ्याने वाचून बघितलं होतं.

खाली नाव घातलं नाही. आमच्या पत्रकांवर नाव नसतंच, 'संघटनेच्या कार्यकर्त्या' एवढंच. काकांनी ते टेबलावर सरळ करून वाचलं, सावकाश, बोट फिरवत. पाणवठ्याच्या ओळीवर बोट थांबलं. त्यांची आई मालेच्या पाणवठ्यावर दुसऱ्याने ओंजळीत ओतेपर्यंत थांबायची, हे मला नंतर कळलं. त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या बायकोने सांगितलं.

"हे कुनी लिवलं?" त्यांनी विचारलं.

"संघटनेने."

"संघटनेचा हात कंचा?"

अध्यक्ष बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. काकांनी कागदाची चौकोनी घडी घातली, खिशात ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन कामाला लागले. मला वाटलं, जिंकले.

त्यानंतर महिन्याभराने त्यांनी मला आत बोलावलं. हातात बंद लिफाफा दिला, तोंडावर डिंक लावून चिकटवलेला. आत चारही मशीनचा मुख्य पासवर्ड होता. म्हणाले, "भात कापनीला मी आठ-पंदरा दिस न्हाई येनार. आग लागली, पानी शिरलं, तरच फोडायचा. न्हाईतर न्हाई."

"मला कशाला? बाईंना द्या."

"बाई लई सज्जन हायेत, कुनीबी गोड बोलून काडून घील. तुमी भांडता. पर उघड भांडता, कार्यकर्तीबाई. लपून काय करायच्या न्हाईत तुमी."

त्यांना पत्रक माझं आहे हे ठाऊक होतं की नव्हतं, हा प्रश्न मला अजून छळतो. ठाऊक नसेल, तर मी त्यांना फसवलं. ठाऊक असेल, तर ते मला दुसरी संधी देत होते. दोन्हींतलं काय जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही.

ते कापणीला गेले आणि इकडे आम्ही मेळावा ठरवला. कंत्राटदारांच्या विरोधात, मोठा. बायकांना पत्रं धाडायची होती. फोनवर निरोप कुणापर्यंत पोचेल याचा भरवसा नव्हता. पुष्कळ घरांत फोन नवऱ्याकडे असतो. माझा एक मित्र लातूरहून येऊन हिंजवडीत नोकरी करायचा. मनाने चांगला, रविवारी आमच्या कामाला यायचा. त्याने दोन तासांत प्रोग्राम लिहिला: नोंदींतून नाव आणि पत्ता उचलायचा, पत्र आणि पाकीट छापायचं. फोल्डरात टाकला, बाहेरच्या मशीनवरून चालवला. लाल फुली.

तो हसला. "अगं, इतकी जुनी भानगड अजून कुणी पाळतं का? फोल्डरला पूर्ण मोकळीक द्यायची की झालं. एक ओळ लागते. पासवर्ड आहे?"

दुपारची वेळ. खाली खताची पोती उतरत होती. मी कपाटातून लिफाफा काढला. आग लागलेली नव्हती, पाणी शिरलेलं नव्हतं. पण मला वाटलं, मेळावा म्हणजे आगच की! आणि खरं सांगायचं तर दुसरंही वाटलं: काका परत येतील तेव्हा बघतील, जग बुडालं नाही. मी लिफाफा फाडला. मित्राने तिन्ही मशीनवर एकेक ओळ लिहिली. फुली गेली. पत्रं सुरसुर छापून बाहेर पडायला लागली आणि मी खरोखर टाळ्या वाजवल्या.

पाकिटांवर काय छापायचं ते मीच ठरवलं होतं. पत्रकाची सवय हाताला. कोरं पाकीट मला बघवेना. वर ठळक अक्षरात टाकलं: 'कंत्राटदाराविरुद्ध तक्रार नोंदवणाऱ्या रणरागिणींनो, मेळाव्याला या!'

काकांच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक नोंदीपुढे एक चौकोन होता, 'पत्र नको' असा. बहुतेक जणींच्या नावापुढे त्यात खूण होती. ती खूण असली की त्यांचा प्रोग्राम पत्ता दाखवायचाच नाही. मित्राच्या प्रोग्रामला त्या चौकोनाचं काही माहीत नव्हतं. त्याला नाव आणि पत्ता हवा होता, आणि मोकळीक पूर्ण होती.

नेऱ्यात एक ताई राहायच्या. दोन मुलांना घेऊन, एका चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत. कपडे बदलायच्या खोलीत घुसणाऱ्या सुपरवायझरबद्दल पहिली तक्रार त्यांनी केली होती, आणि त्यांच्या मागून सहा जणींनी. ती चाळ कंत्राटदाराच्या सख्ख्या भावाची. चाळीतलं सगळं टपाल त्याच्याच ओट्यावर पडायचं. हे काकांना माहीत होतं, कारण त्यांनी विचारलं होतं. आम्ही नोंद घेताना अन्याय विचारायचो. ते टपाल कुठे पडतं ते विचारायचे.

पाकीट त्या ओट्यावर पडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी ताईंचा गेटपास काढून घेतला. चौथ्या दिवशी खोली सोडायला लावली. त्या आमच्या कार्यालयात आल्या तेव्हा त्यांच्याकडे एक गाठोडं, एक मिक्सर आणि दोन मुलं होती. काका नेमके त्याच सकाळी कापणी उरकून परत आले होते. पंखा बघून झाला होता, खुर्ची हलवून झाली होती.

ताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि ते पाकीट टेबलावर ठेवलं.

"सर, तुमी म्हनला हुता पत्र येनार न्हाई."

काकांनी पाकीट उचललं. मथळा वाचला. त्यांना माझी भाषा ओळखायला किती वेळ लागला असेल?

"व्हय," ते म्हणाले. "म्हनलो हुतो."

एवढंच. इतर काहीही त्यांना बोलता आलं असतं. मी मध्ये पडले, कारण गप्प बसणं मला कधी जमलंच नाही. म्हटलं, ताई, आपण याचा निषेध करू, आजच पत्रक काढते, गेटवर वाटू. ताई माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

"आता कागूद नको, बाई. माझं नाव आजून कुटं नको छापूस."

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. अध्यक्ष बाईंनी विचारलं, हे झालं कसं? मी म्हणाले, "प्रोग्राममध्ये दोष होता." माझा मित्र मान खाली घालून बसला होता.

"दोष न्हाई," काका म्हणाले. "प्रोग्रामला सांगितलं तेवडंच त्यानं केलं. त्याला परवानगी दिली गेली."

"कुणी दिली?"

मी कधी पोलिसांना घाबरले नाही. एकदा कंपनीच्या गेटवर दोन तास झोपून राहिले, गाड्या अडवल्या. पण त्या बैठकीत माझी जीभ उचलेना. तोंडाशी आलं होतं, 'मी दिली', दोनच शब्द. पंखा फिरत होता. काकांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "पासवर्ड माझा हुता. जबाबदारी माझी."

आणि मी ते होऊ दिलं. बैठकीच्या वहीत तसंच लिहिलं गेलं. लिहिणारी मीच होते.

त्यानंतर ते सलग चार दिवस आले. तिन्ही मशीनवरच्या त्या तीन ओळी काढल्या. मित्राचा प्रोग्राम पुसला. नोंदीच्या प्रोग्रामला नवी सही दिली, प्रत्येक मशीनला ती ओळखायला शिकवली. चौथ्या दिवशी दुपारी मला बोलावलं आणि स्क्रीन दाखवला. कुणाला काय करता येईल त्याची यादी होती. अध्यक्ष बाई, मी, आणखी दोघी. त्यांचं नाव नव्हतं.

"तुमचं राहिलं काका."

"ऱ्हायलं न्हाई. काडलं."

"का?"

"ज्याच्या शब्दावर बाईनं पत्ता दिला, त्याच्या शब्दाला आता काय किंमत हाय? वळख पटली न्हाई तर काडायचं. मलाबी त्योच नेम." मग एक्स्टेन्शन बोर्डाची वायर गुंडाळायला लागले. मी म्हटलं, काका, चूक माझी आहे, माझं नाव काढा. ते सुतळीची गाठ मारत म्हणाले, "हे बैठकीत म्हनायचं हुतं, कार्यकर्तीबाई."

मी त्यांच्याकडे मालेला दोनदा गेले. त्यांच्या बायकोने चहा दिला, पाणवठ्याचं सांगितलं ते तेव्हाच. काका चवळीबद्दल बोलले, धरणाच्या पाण्याबद्दल बोलले, मुलाच्या नोकरीबद्दल बोलले. परत या म्हटलं की ते उठून गोठ्यात जायचे. दुसऱ्या खेपेला मी कागद नेला होता. त्यात सगळं लिहिलं होतं: लिफाफा कुणी फाडला, पाकिटावरचा मथळा कुणाचा, आणि आधीचं ते पत्रक कुणाचं. खाली माझं नाव, माझी सही. त्यांनी बोट फिरवत सगळं वाचलं, सहीपर्यंत.

"बरं लिवलंय," म्हणाले. "हे त्या नेऱ्याच्या बाईला दावलं का?"

दाखवलं नव्हतं. ताई मुलांना घेऊन कुठे गेल्या ते मला कळलं नव्हतं. खरं तर मी नीट शोधलंही नव्हतं. नंतर शोधलं. कुणी म्हणालं चाकणला, कुणी म्हणालं माहेरी. ज्या सहा जणींनी त्यांच्या मागून तक्रार केली होती त्यांनी एकेक करून तक्रारी मागे घेतल्या. सुपरवायझर त्याच इमारतीत आहे. आता त्याला बढती मिळाली आहे म्हणतात.

तो कागद मी बैठकीत वाचून दाखवला. अध्यक्ष बाई म्हणाल्या, झालं ते झालं, आता कामाला लागू. मी कामाला लागले. नोंदीच्या मशीनवर आता मी बसते. प्रोग्राम उत्तम चालतो, एकदाही फुली आली नाही.

परवा कासारसाईहून एक बाई आल्या. चाळिशीच्या असतील. पदर तोंडावर धरलेला, पण डोळ्याखालचा काळा डाग लपत नव्हता. मी खुर्ची दिली. काका विचारायचे तसंच विचारायचं ठरवलं होतं: टपाल कुठे पडतं, फोन कुणाच्या हातात असतो. पण त्यांनीच आधी विचारलं.

"ते म्हातारं सर कुटं हायेत?"

"ते आता येत नाहीत. मी घेते नोंद. तुमचं नाव कुठेही जाणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग स्क्रीनकडे.

"आसू द्या मंग," म्हणाल्या.

मी जिन्यापर्यंत मागे गेले. पाणी तरी प्या म्हटलं. त्यांनी तांब्या घेतला, पाणी प्यायल्या, तांब्या परत माझ्या हातात दिला आणि खाली उतरल्या. त्यांचं नाव मला माहीत नाही. त्यांना कुणी मारलं, तेही नाही.